जाळी किनाऱ्यावर आहेत तोवर

आता जाळी किनाऱ्यावर आहेत. १ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बंद झाली. अर्नाळा, उत्तन, सातपाटीला होड्या वर ओढून झाल्या, त्यांच्यावर ताडपत्री चढली आणि ओटीओटीवर सुई-तंगूस घेऊन माणसं बसली आहेत. फाटलेलं सांधायचं, सांधण्याच्या पलीकडे गेलेलं टाकून द्यायचं, नवा दोर आणायचा, बोये बदलायचे. ३१ जुलैला बंदी उठते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो आणि हा सगळा सरंजाम पुन्हा पाण्यात जातो. एकदा गेला की पुढचे दहा महिने त्याच्याकडे नव्याने बघायला कुणालाच सवड नसते.

म्हणून ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत राहणाऱ्या तुम्हा सर्वांना हे आवाहन आजच करते आहे. मागणी साधी आहे. माणूस जवळ नसताना पाण्यात जो दोर उभा असतो, तो कमी करायचा. त्यासाठी जगात दोराविना मासेमारीची साधने निघाली आहेत आणि तिथले मच्छीमार ती स्वतः वापरून बघत आहेत. तशी चाचणी आपल्या खाडीत, आपल्याच मच्छीमारांच्या हातून, याच पावसाळ्यात सुरू व्हायला हवी. शासनाने ती हाती घ्यावी म्हणून तुम्ही पत्र लिहायचं आहे, बोलायचं आहे, जमेल तिथे हात लावायचा आहे.

दोर कशासाठी उभा असतो आणि त्याने काय होतं, ते आधी सांगते.

अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर शेवंड आणि खेकडे पकडायला पिंजरे वापरतात. पिंजरा तळाशी बसतो. त्याला बांधलेला दोर सरळ वर येतो आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला मिळतो. बोया दिसला की खाली पिंजरा आहे हे कळतं, दोर ओढला की पिंजरा वर येतो. मच्छीमार पिंजरा सोडून घरी जातो, काही दिवसांनी परत येतो. तोवर दोर पाण्यात एकटा उभा असतो. एका मोसमात असे दोर लाखोंनी उभे राहतात, आणि त्याच पाण्यातून उत्तर अटलांटिकचे राइट व्हेल जातीचे देवमासे जातात.

देवमासा नावाने मासा असला तरी आपल्यासारखा हवेवर जगतो. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं. दोर तोंडात किंवा पंखाला अडकला की तो घाबरून अंगाभोवती गिरक्या घेतो आणि गिरकीगणिक वेढे वाढतात. काही तिथेच बुडून मरतात. काही तो दोर, कधी पिंजऱ्यासकट, महिनोन्‌महिने ओढत राहतात. दोर कातडीत रुततो, चरबीत रुततो, हाडापर्यंत जातो. तोंड नीट उघडता येत नाही, म्हणून खाणं तुटतं. ज्या मादीचं अंग भरत नाही तिला पिल्लू होत नाही. आज या जातीचे चारशेसुद्धा प्राणी उरलेले नाहीत आणि त्यांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक जणांच्या अंगावर आयुष्यात एकदा तरी दोरात अडकल्याच्या खुणा आहेत. २०१७ या एका वर्षात १७ राइट व्हेल मेलेले सापडले. काही जहाजांच्या धडकेने गेले होते, काही दोरांनी. चारशेंतले सतरा.

तिथल्या सरकारांनी काही भाग मासेमारीला बंद केले. मच्छीमारांची रोजी बुडाली, ते चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. या ओढाताणीतूनच दोराविना पिंजऱ्याची गोष्ट पुढे सरकली. यात दोर वर उभा राहत नाही. तो गुंडाळून, बोयासकट, पिंजऱ्याबरोबरच तळाशी ठेवलेला असतो. मच्छीमार जागेवर पोहोचला की होडीतून पाण्यात एक ध्वनिसंकेत सोडतो. प्रत्येक पिंजऱ्याचा संकेत वेगळा. तो ऐकून खालची आकडी सुटते, बोया दोर घेऊन वर येतो आणि मग नेहमीसारखंच ओढायचं. दुसऱ्या एका प्रकारात बोयाऐवजी हवेची पिशवी फुगते आणि पिंजऱ्याला उचलून आणते. पिंजरा कुठे टाकला आहे ते होडीतल्या पडद्यावर दिसतं, म्हणजे दुसऱ्याने त्यावर आपलं जाळं ओढू नये. दोर पाण्यात राहतो तो काही मिनिटं, आणि तेव्हा माणूस समोर असतो.

यात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती चाचणीची रीत. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे अमेरिकेच्या मत्स्यविज्ञान केंद्राने अशा साधनांचं चक्क ग्रंथालय उभारलं आहे. मच्छीमाराने यायचं, साधन उसनं न्यायचं, आपल्या होडीवर, आपल्या पाण्यात वापरायचं आणि परत आणून द्यायचं. काय बिघडलं, किती वेळ गेला, थंडीत हातमोजे घालून कळ दाबता येते का, हे सगळं त्याने सांगायचं. कारखानदार त्याप्रमाणे साधन बदलतो. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात बंद झालेल्या भागांत दोराविना खेकडे पकडायची मुभा मिळाली, तेव्हा ज्यांनी आधी हात बसवून घेतला होता त्यांचा मोसम वाचला. साधनं अजून महाग आहेत, कधी कधी वर येतच नाहीत, वेळही जास्त खातात. तक्रारी खऱ्या आहेत. त्या मच्छीमारांच्या तोंडून आल्या, म्हणून साधनं सुधारत गेली.

आता तुम्ही विचाराल, डोंबिवलीच्या फलाटावर ८.१४ ची वाट बघणाऱ्या माणसाचा देवमाशाशी संबंध काय?

कल्याणच्या दुर्गाडीखाली जे पाणी आहे ते उल्हास नदीचं आहे आणि समुद्राचंही आहे. रेतीबंदरला भरती येते ती वसईहून येते. ठाण्याच्या पूर्वेची खाडी थेट मुंबई बंदराला मिळते. शिवाजी महाराजांनी स्वराज्याचं आरमार उभारायला घेतलं ते कल्याण-भिवंडीच्या याच खाडीत, कारण इथून दर्यात जाता येत होतं. त्याच्याही दीड हजार वर्षं आधी ग्रीक खलाशाच्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात कल्याणचं नाव बंदर म्हणून आलं आहे. आपण खाडीवर पूल बांधले आणि तिच्याकडे पाठ केली, एवढाच बदल झाला. आपल्या पुलाखालून ओहोटीबरोबर गेलेली जाळ्याची चिंधी कुठे पोहोचते, तर अरबी समुद्रात.

आणि अरबी समुद्रात देवमासे आहेत. २०१५ च्या उन्हाळ्यात सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोर संशोधकांना निळे देवमासे दिसले. पृथ्वीवरचा सगळ्यांत मोठा प्राणी, देवगडच्या हापूसच्या कलमांपासून होडीच्या अंतरावर. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि तिथेच गेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर मेलेला ब्राइड्स देवमासा आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत रुतलं. आपल्याकडचे कितीतरी लोक तेव्हा सुट्टीला तिथेच होते. गावकरी, वन विभाग, पशुवैद्य, जीवरक्षक सगळे सुमारे चाळीस तास राबले, त्याला समुद्रात नेलं, आणि ते पुन्हा किनाऱ्याला लागलं, मेलेलं. या तिघांना दोरानेच मारलं असं मी म्हणत नाही. देवमासा किनाऱ्याला का लागतो याची कारणं अनेक असतात. मी एवढंच म्हणते की ते आपल्या समुद्रात राहतात, आणि आपला समुद्र जाळ्यांनी आणि दोरांनी भरलेला आहे.

दोराचा पुरावा पाहायचा तर पलीकडच्या काठावर जावं लागतं. ओमानच्या किनाऱ्यावर हम्पबॅक देवमाशांचा एक छोटा कळप आहे. जगभरचे हम्पबॅक थंड समुद्रातून उष्ण समुद्रात आणि परत असा हजारो मैलांचा फेरा करतात. अरबी समुद्रातले करत नाहीत. ते इथलेच, बारमाही. जनुकांच्या अभ्यासावरून ते इतर हम्पबॅकांपासून सुमारे ७०,००० वर्षं वेगळे राहिले आहेत. ओमानच्या बाजूला त्यांची संख्या शंभराच्या आत असावी, असा अंदाज आहे. तिथे पाहिलेल्या देवमाशांपैकी तीस ते चाळीस टक्क्यांच्या अंगावर जाळ्या-दोरांचे व्रण आढळले. त्यांतल्या एका मादीचं नाव लुबान. शेपटीवरचा ठसा ऊदाच्या झाडासारखा दिसतो म्हणून हे नाव. आपण धूप घालताना लोबान म्हणतो, तोच शब्द. २०१७ च्या अखेरीस तिच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं होतं. ती ओमानहून निघाली, अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली, दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला पोहोचली. अशी ये-जा प्रथमच कुणी नोंदवली. वाटेत तिने किती दोर चुकवले असतील, याचा विचार मनातून जात नाही.

आपल्याकडची जाळी वेगळी आहेत आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दोराविना पिंजरा हा पिंजऱ्याच्या मासेमारीवरचा उपाय आहे. आपल्याकडे बोंबील येतो तो डोलीत. तळाला खुंट, खुंटाला दोर, दोराला जाळ्याचं भलंमोठं तोंड, प्रवाहाकडे उघडं. सुरमई, घोळ, पापलेटला गळ्यात अडकवणारी तंगुसाची लांबच लांब जाळी पाण्यात भिंतीसारखी उभी असतात. डॉल्फिन, बिनपंखी पॉरपॉइज, ऑलिव्ह रिडले कासव, व्हेल शार्क अडकतात ते मुख्यतः या जाळ्यांत. जगात दरवर्षी सुमारे तीन लाख देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज असे नकळत जाळ्यांत मरतात असा अंदाज आहे. पिंजऱ्याची नवी आकडी आणली म्हणजे हे सगळं थांबेल, असं सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही.

तरीही सुरुवात करायला आपल्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती ठाण्याच्या खाडीतच आहे. चिंबोऱ्यांचा फग. लोखंडी कडं, त्याला जाळी, मधे बांधलेलं आमिष, वर दोर आणि दोराच्या टोकाला थर्माकोलचा तुकडा नाहीतर पाण्याची रिकामी बाटली. अमेरिकेतल्या शेवंडीच्या पिंजऱ्याचा हा धाकटा भाऊच. तोच तळ, तोच उभा दोर, तोच बोया. आपल्या खाडीत उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं, म्हणून दोर भरतीच्या मापाने ठेवावा लागतो, आणि ओहोटीला तो सैल पडून पाण्यात वेटोळी घालून तरंगतो. ताठ दोरापेक्षा सैल दोर अडकतो जास्त. कासवाच्या वल्ह्याला, पाणकावळ्याच्या पायाला, दुसऱ्याच्या होडीच्या पंख्याला.

गेल्या थंडीत एका रविवारी ओहोटीच्या वेळी डोंबिवलीच्या मोठागावच्या बाजूला कांदळवनाच्या कडेने चालत होते. चिखलातून वर आलेल्या तिवरांच्या मुळांना काहीतरी निळं-हिरवं चिकटलेलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर तंगुसाचा गोळा, नारळाएवढा. वरून शेवाळलेला, आत मात्र धागा नवा असल्यासारखा चमकत होता. त्यात दोन निवट्या वाळून कडक झालेल्या, एक चिंबोरी फक्त कवच उरलेली, आणि दुसरी चिंबोरी जिवंत. तिचा एक नांगा धाग्याने इतका आवळला होता की सांध्याचा रंगच बदललेला. सोबतच्या मैत्रिणीच्या पर्समध्ये नखं कापायची छोटी कात्री होती. तिने धागा कापायला वीस मिनिटं लागली. तंगूस बोटांत घसरतो, ओला असला की दिसत नाही, आणि एक फास सोडवला की खाली दुसरा असतो. नांगा गळून पडला. चिंबोरी तशीच चिखलात शिरली. आम्ही तो गोळा पिशवीत घातला. घरी येऊन तराजूवर ठेवला तर पाव किलोसुद्धा भरला नाही.

तो कुणाचा होता, किती वर्षं खाडीत फिरत होता, कळायला मार्ग नाही. नायलॉन कुजत नाही. मालक विसरला तरी जाळं आपलं काम विसरत नाही. ते पकडतच राहतं, फक्त ते कुणी बाजारात नेत नाही. म्हणून जाळ्यांवर आणि दोरांवर मालकाची खूण असावी असं जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने २०१८ मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. खूण असली की हरवलेलं जाळं परत मिळतं. हे मच्छीमाराच्याही फायद्याचं आहे, कारण जाळं म्हणजे त्याची गुंतवणूक.

मच्छीमारांना यात खलनायक ठरवू नका, ही विनंती मी हात जोडून करते. महाराष्ट्राने २०१८ च्या डिसेंबरमध्ये एक चांगला निर्णय घेतला. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फोटो किंवा चित्रफितीच्या पुराव्यावर त्याला कमाल २५,००० रुपये भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष मिळून ही योजना चालवतात. तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावर कासवं, व्हेल शार्क, डॉल्फिन जाळी कापून सोडले गेले आहेत. गुजरातेत तर २००४ पासून, मोरारी बापूंनी व्हेल शार्कला माहेरी येणारी लेक म्हटल्यापासून, शेकडो व्हेल शार्क सोडले गेले. ज्या हातांनी हे केलं ते हात कोळ्यांचेच आहेत. पण एका म्हाताऱ्या नाखव्याने मला विचारलेला प्रश्नही खरा आहे: "जालं कापू, पन त्या दिवसाचं डिझेल कोन देनार?" २५,००० रुपयांत जाळ्याचा कापलेला भाग कदाचित भरून निघेल. बर्फ, डिझेल, खलाशांचा रोज आणि हातचा गेलेला दिवस निघत नाही. २०१८ चा आकडा आजच्या भावाला पुरत नाही. ही रक्कम वाढवा आणि पैसे लवकर द्या, ही मागणीही आपल्या पत्रात असली पाहिजे.

आपण साधनं तपासू शकत नाही असंही नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात कासव आलं तर त्याला बाहेरची वाट मिळावी अशी चौकट कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या होड्यांसाठी बनवली, होड्यांवर नेऊन तपासली. पण तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष कधी गेलं? अमेरिकेने २०१९ मध्ये भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं तेव्हा. बाजार बंद झाल्यावर धावाधाव करायची, ही सवय महागात पडते आणि तिची किंमत मच्छीमार भरतो. देवमाशांच्या बाबतीत तरी आपण आधी उठूया.

मग करायचं काय? माझ्या मनातली चाचणी अगदी लहान आहे. ठाण्याच्या खाडीत, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, बिनयांत्रिक होडीवरून फग टाकणाऱ्या चार-पाच घरांना सोबत घ्यायचं. वीस फग. दहांना नेहमीसारखा दोर आणि बोया. दहांमध्ये दोर गुंडाळून खालीच. ध्वनिसंकेताची परदेशी आकडी आज आपल्या फगाला परवडणारी नाही, हे मान्य. पण ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या शेवंडी पकडणाऱ्यांनी एक साधा उपाय वापरला आहे. धातूंची एक कडी, जी खाऱ्या पाण्यात ठरावीक वेळात गंजून तुटते आणि बोया सोडते. ना बॅटरी, ना संकेत. मच्छीमाराने फक्त वेळेवर हजर राहायचं, आणि भरती-ओहोटीच्या वेळा तर त्याला घड्याळापेक्षा जास्त कळतात.

इथेच तुमची गरज आहे. गायमुखजवळचं पाणी मे महिन्यात खारं असतं आणि जुलैत उल्हासच्या पुराने जवळजवळ गोडं होतं. ऑस्ट्रेलियात बारा तासांत तुटणारी कडी आपल्याकडे किती तासांत तुटेल, हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. ते बादलीत पाणी भरून, दर आठवड्याला वेगळ्या जागचं, घड्याळ लावून बघावं लागेल. खाडीचा गाळ आकडीत शिरतो का, फग चिखलात किती बुडतो, गुंडाळलेला दोर सुटताना गाठ पडते का, हे सगळं इथेच कळणार. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत धातूचं काम जाणणारे कारखाने आहेत. अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, आयटीआय आहेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवाच असतो. दरवर्षी तेच तेच प्रकल्प छापून बांधण्याऐवजी हा घ्या. मार्गदर्शक शिक्षकांनो, मुलांना खाडीवर पाठवा. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, ऐरोलीला कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. त्यांच्याकडे जाणकार माणसं आहेत. आणि चाचणीत जे मच्छीमार येतील त्यांना दिवसाचा रोज रोख द्यायचा. त्यांचं ज्ञान फुकट मागायचं नाही. काय टिकलं, काय हरवलं, चिंबोऱ्या कमी आल्या की जास्त, याचा हिशेब त्यांच्याच तोंडून लिहायचा. फग टिकला, तर पुढे डोलीच्या आणि तंगुसाच्या जाळ्यांच्या दोरांबद्दल त्याच लोकांशी बोलता येईल. ते ऐकतील, कारण आपण आधी त्यांचं ऐकलेलं असेल.

पत्र कुणाला लिहायचं? जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला, कांदळवन कक्षाला आणि आपल्या आमदारांना. पोस्टकार्ड असलं तरी चालेल. तीन गोष्टी मागा: खाडीत दोराविना फगाची चाचणी, जाळ्यांवर मालकाची खूण, तीही मच्छीमाराच्या खिशाला हात न लावता, आणि जाळं कापल्याची भरपाई आजच्या भावाने. शिवाय बंदरांवर जुनी जाळी ठेवून घ्यायची जागा हवी. केरळात कोल्लमच्या मच्छीमारांनी २०१७ पासून जाळ्यात आलेलं प्लास्टिक किनाऱ्यावर आणायला सुरुवात केली, ते दळून रस्त्यांत वापरलं गेलं. आणलेलं घ्यायला कुणी असलं की माणसं आणतात. आत्ता पावसाळ्यात घराघरांतून जुनी जाळी बाहेर निघत आहेत. ती घेणारं कुणी नसेल, तर पहिल्या मोठ्या भरतीला ती खाडीत असतील.

कोळीवाड्यातल्या दादांनो, नाखव्यांनो, मावश्यांनो, तुम्हाला वेगळं सांगायला मी लहान आहे. पण फाटलेलं जाळं होडीच्या कडेने सोडून देऊ नका. नव्या दोराला रंगाची एक पट्टी ओढून ठेवा, आपल्या घरची म्हणून ओळखू येईल अशी. कासव अडकलं आणि जाळं कापलंत, तर आधी फोटो घ्या, भरपाईचा अर्ज करा. अर्ज लिहायला कुणी हवं असेल तर शेजारच्या इमारतीत शिकलेली पोरं आहेत. त्यांना हाक मारा. आणि इमारतीतल्या पोरांनो, हाकेला ओ द्या.

शेवटचं सांगणं दिवा-सावंतवाडी गाडीने गावी जाणाऱ्या प्रत्येकासाठी. गणपतीला, दिवाळीला, मे महिन्यात आपली अर्धी वस्ती कोकणात असते. किनाऱ्यावर जिवंत कासव, डॉल्फिन किंवा देवमासा दिसला तर सगळ्यांत आधी १९२६ वर फोन करा. ही वन विभागाची मदतवाहिनी आहे. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाला. मग गर्दी मागे हटवा. कासवाला परत पाण्यात ढकलू नका. ते दमून, जखमी होऊन आलेलं असतं. सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं टाका, नाकपुड्या उघड्या ठेवा. डॉल्फिनला शेपटीला धरून ओढू नका. त्याच्या डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात वाळू आणि पाणी जाऊ देऊ नका, बाकी अंग ओलं ठेवा. अंगावर दोर असेल तर बाहेर लोंबणारा भाग तोडून आत रुतलेला फास तसाच ठेवू नका. तो नंतर कुणालाच सापडत नाही. जाणकार येईपर्यंत थांबा. देवमाशावर चढून फोटो काढू नका, मुलांना चढू देऊ नका, आणि कुणी चढलंच तर उतरवायला लाजू नका.

फगाच्या चाचणीची तयारी करायला आपल्याकडे सात-आठ आठवडे आहेत. कडी बादलीत टाकायची, चार घरांशी बोलायचं, वीस फग विकत घ्यायचे. एवढ्यापुरते ते पुरतात. बंदी ३१ जुलैला उठते. पत्र याच आठवड्यात टाका.